झाकल्याने भीती वाढते, हे कुणी ठरवलं?

भयपटाच्या पोस्टरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘खरी भीती न दाखवण्यात असते.’ डिझाइनच्या वर्गात मास्तर ते सांगतात. फिल्म सोसायटीत सिनेमा संपल्यावर चहाच्या कपाबरोबर ते फिरतं. एखाद्या नव्या मराठी भयपटाचं काळंकुट्ट पोस्टर मोबाइलवर येऊन पडलं की खाली कौतुकाच्या रांगेत तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं. त्याचं शेपूट धरून दुसरंही येतं. पूर्वी जत्रेतल्या तंबूवर लागायची ती रामसे बंधूंची पोस्टरं, तो सुळेवाला चेहरा, रक्ताचे ओघळ, किंचाळणारी बाई, म्हणजे अडाणी प्रेक्षकासाठी अडाणी पेंटरने केलेला भडकपणा; आता कुठे आपल्याला संयम कळायला लागलाय, वगैरे वगैरे.

या मंडळींना मी आपला झाकपंथी म्हणतो. पंथ म्हणायचं कारण असं, की त्यांच्या म्हणण्याला पुरावा कुणी मागत नाही. हिचकॉकचं नाव घेतलं की वाद मिटतो. माझ्या मते वाद तिथून सुरू व्हायला हवा. झाकल्याने भीती कधी वाढते, कुणाची वाढते आणि कशाच्या जोरावर वाढते, हे न बघता तो नियम म्हणून घोकला, की हाती येतं ते आजचं पोस्टर : काळी पार्श्वभूमी, निळसर धूर, पाठमोरी बाई, तडा गेलेली अक्षरं. अशा दहा सिनेमांची पोस्टरं ओळीने लावा आणि नावांवर हात ठेवा. दिग्दर्शकालासुद्धा आपलं कोणतं ते चटकन सांगता यायचं नाही.

मी नगरचा. सरकारी कागदावर जिल्हा अहिल्यानगर झाला, पण बोलताना अजून नगरच येतं. भयपटाच्या इतिहासात आमच्या जिल्ह्याला कुणी पानभर जागा देणार नाही. पण बघणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारी आकृती कशी घडवावी याचा एक अव्वल नमुना नगरात ओतला गेला, तोही सिनेमा जन्माला यायच्या साडेतीनशे वर्षं आधी. मुलूख-मैदान तोफ. लोक तिला विजापूरची म्हणतात, कारण आज ती तिथल्या शेर्झा बुरुजावर पडून आहे. ती ओतली मात्र अहमदनगरला, १५४९ साली, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या अमदानीत. ओतणारा महंमद बिन हसन रूमी. त्याचं नाव तोफेवर कोरलेलंच आहे. लांबी चौदा फुटांच्या आसपास, वजन पन्नास टनांच्या वर.

वजन-लांबीचे आकडे गाइड सांगतोच. आपण तिचं तोंड बघू. नळीच्या टोकाला रूमीने एका हिंस्र पशूचं मुंडकं घडवलंय. कुणी त्याला सिंह म्हणतो, कुणी मगर. जबडा सताड उघडा, वाकडे सुळे, आणि त्या सुळ्यांमध्ये सापडलेला, चिरडला जाणारा एक हत्ती. हत्ती केवढा? घासाएवढा. दख्खनच्या त्या काळातल्या रणांगणावर हत्तीपेक्षा मोठं जनावर नव्हतं. समोरच्या फौजेचा सगळा दिमाख हत्तीवर. राजा हत्तीवर, निशाण हत्तीवर. तो हत्ती रूमीने दातात धरून दाखवला आणि दात केवढे असतील ते बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडलं. नुसता मोठा जबडा घडवला असता तर तो मोठा आहे हे कळायला मापच नसतं. शत्रूच्या ओळखीची, त्याच्या अभिमानाची वस्तू मापाला घेतली म्हणून जबडा अक्राळविक्राळ झाला.

आणखी एक. हे चित्र समोरच्यासाठी आहे. तोफेमागे उभ्या असलेल्या गोलंदाजाला त्यातलं काही दिसत नाही. जिच्यावर तोफ रोखायची त्या फौजेसाठीच ते घडवलेलं आहे. एवढी अवजड तोफ दिवसातून थोड्याच वेळा डागता येणार. उरलेला सगळा वेळ काम करायचं ते तोंडानेच. रूमी झाकपंथी असता तर म्हणाला असता, नळी साधी गुळगुळीत ठेवा, आत काय आहे ते शत्रूला कल्पू द्या. शत्रूने कल्पलंही असतं. पण पुढे चालत येता येता कल्पलं असतं.

रूमी काही एकटा नव्हता. जंजिऱ्याच्या दरवाजावरचं शिल्प आठवा : एकच वाघासारखं जनावर आणि त्याच्या पंजात, तोंडात, शेपटीत पकडलेले हत्ती. दख्खनच्या किल्ल्यांवर या जनावराची, शरभाची, अशी शिल्पं जागोजाग आहेत. दरवाजात आलेल्याला पहिलं माप दिलं जातं ते हे. त्याहून जुना दाखला यमपटाचा. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त बाजारात पोरांच्या गराड्यात यमपट उलगडून दाखवणारा माणूस येतो, आणि ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा हेर यमपटवाल्याच्याच वेषात फिरतो. मेल्यावर पाप्याला कुठे उकळतात, कुठे करवतीने कापतात, ते सगळं उघडंवाघडं रंगवलेलं. आपल्या जत्रांत देवांच्या तसबिरींशेजारी विकायला असणारी नरकयातनांची छापील चित्रं त्याच घराण्यातली. म्हणजे भीती दाखवून घालायची, हे आपल्याकडे जत्रेइतकंच जुनं आहे. रामसेंच्या पेंटरला भडक म्हणणाऱ्यांनी आधी बाणाच्या काळातल्या त्या बाजारात उभं राहावं.

मराठी सिनेमाने हे ओळखलं होतं, अगदी पाळण्यात असताना. बाबूराव पेंटरांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’त भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब होता, की प्रेक्षक हादरले आणि सेन्सॉरने तो भाग काढायला लावला. तेच बाबूराव आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत. कोल्हापूरच्या या माणसाला संयम कळत नव्हता असं म्हणायची कुणाची हिंमत असेल तर त्याने जरूर म्हणावं.

आता झाकपंथाच्या गादीवरचा मोठा ग्रंथ : ‘जॉज’. हा १९७५ चा सिनेमा न दाखवण्याचा पाठ म्हणून शिकवला जातो. ते खरंही आहे, सिनेमापुरतं. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पिलबर्गला तो तासाभराहून अधिक वेळ धड दाखवताच आला नाही. पाणी, संगीत आणि तरंगणारे पिंप यांच्यावर त्याने काम भागवलं. पण पोस्टर? पोस्टरवर काय आहे? वर पोहणारी बाई, आणि तिच्याखाली पाण्यातून सरळ वर झेपावणारा, दातांनी भरलेला, पोस्टरचा अर्धा भाग व्यापणारा शार्क. काहीही झाकलेलं नाही. उलट सिनेमातल्या शार्कपेक्षा पोस्टरवरचा कितीतरी अवाढव्य.

ही गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग झाकपंथीयांना कुणी सांगत नाही. सिनेमाच्या आधी १९७४ मध्ये पीटर बेंचलीची कादंबरी आली. पुठ्ठ्याच्या आवृत्तीवर पॉल बेकनने काढलेलं मुखपृष्ठ होतं. तिथेही बाई आणि मासा, पण मासा पुसट, जवळजवळ नुसता आकार, दात नसलेला. म्हणजे सुसंस्कृत, संयमी, सूचक. पेपरबॅक काढणाऱ्यांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी रॉजर कॅस्टेल या चित्रकाराकडून तेच चित्र नव्याने करून घेतलं, मासा मोठा आणि खराखुरा. कॅस्टेल त्यासाठी न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात जाऊन शार्क बघून आला. तेच चित्र सिनेमाचं पोस्टर झालं, आणि आज जगात भयपटाचं एकच पोस्टर आठवा म्हटलं तर बहुतेकांना तेच आठवतं. म्हणजे झाकलेलं आणि दाखवलेलं अशी दोन्ही चित्रं एकाच गोष्टीसाठी, वर्षभराच्या अंतराने बाजारात आली होती. कोणतं जिंकलं ते सगळ्यांसमोर आहे.

त्या चित्राची मांडणी नीट बघितली की रूमीची तोफ आठवते. बाई शार्कच्या तोंडाएवढीसुद्धा नाही. ती मापाला आहे, हत्ती जसा मापाला होता. ती वर, निवांत. तिला खालचं माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. शार्कचं तोंड आपल्याकडे नाही, तिच्याकडे आहे, पण उभ्या कागदावर नजर खालून वर त्याच्याच वेगाने जाते. एवढं सगळं दाखवूनही कॅस्टेलने क्षण मात्र आधीचा पकडला. रक्ताचा थेंब नाही. कुठे थांबायचं हे त्याला कळत होतं. थांबण्याआधी पुष्कळ दाखवायचं असतं, हेही कळत होतं.

हिचकॉकविषयी दोन ओळीच पुरेत. ‘द बर्ड्स’ (१९६३) च्या पोस्टरवर पक्षी किंचाळणाऱ्या बाईवर तुटून पडलेले उघड दिसतात. ‘सायको’ (१९६०) च्या जाहिरातीत त्याने दडवली ती गोष्ट. जेनेट ली कमी कपड्यांत दाखवायला तो लाजला नाही. गुपित सिनेमात ठेवावं आणि पोस्टरवर गिऱ्हाईक बोलवावं, एवढा व्यवहार त्या माणसाला पक्का समजत होता.

मग झाकलेली पोस्टरं गाजलीच नाहीत का? गाजली ना. ‘द एक्झॉर्सिस्ट’चं १९७३ चं पोस्टर, बिल गोल्डने केलेलं : रात्र, रस्त्यावरचा दिवा, बॅग घेऊन उभा असलेला टोपीवाला माणूस आणि खिडकीतून त्याच्यावर पडलेला उजेड. मुलगी नाही, सैतान नाही. उत्तम पोस्टर आहे. ‘रोझमेरीज बेबी’चं १९६८ चं हिरवं पोस्टर, खडकावरची ती एकटी बाबागाडी, तेही उत्तम. पण दोन्ही सिनेमे ज्या कादंबऱ्यांवर निघाले त्या आधीच तुफान खपलेल्या होत्या. खिडकीआड काय आहे, बाबागाडीत कोण आहे, हे रस्त्याने जाणाऱ्या पुष्कळ लोकांना वाचून किंवा ऐकून माहीत होतं. चित्रकाराने झाकलं ते बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच भरलेलं होतं. ‘ब्लेअर विच’वाल्यांनी १९९९ मध्ये कादंबरी नव्हती म्हणून आधी तीन पोरं बेपत्ता झाल्याची हूल उठवली, हरवल्याच्या जाहिराती लावल्या आणि मगच बाकी सगळं अंधारात ठेवलं. अपवाद ‘एलियन’चा. अंड्याला गेलेला तडा आणि हिरवा उजेड, त्या चित्रावरून कुणाला काही कळत नव्हतं. पण तिथे काम केलं ते सोबतच्या एका ओळीने, आणि तशी ओळ लिहिणारा दर सिनेमाला मिळत नाही.

माझं म्हणणं इथे येऊन ठेपतं. जे बघणाऱ्याला ठाऊक आहे तेच झाकून उपयोग. जे त्याला ठाऊकच नाही ते झाकलं तर त्याच्यासमोर काहीच उरत नाही.

झाकपंथाच्या बाजूचा सगळ्यात तगडा दाखला माझ्याच जिल्ह्यात आहे. तो त्यांनी काढायच्या आत मीच काढतो. नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर. उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांच्या आसपास उंच काळी शिळा. चेहरा नाही, डोळे नाहीत, हातात शस्त्र नाही, डोक्यावर छप्परसुद्धा नाही. तरी धाक असा की गावातल्या घरांना दारं नसण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली तीही कुलपाविना. बघा, म्हणतील ते, काहीही न दाखवता केवढी जरब!

जरब आहेच. पण ती नुसत्या शिळेची आहे का? शनीचं नाव कधी न ऐकलेल्या माणसाला चौथऱ्यावर उभं करा. त्याला तेल घातलेली शिळा दिसेल, हात जोडलेली गर्दी दिसेल, भीती दिसणार नाही. शिळेमागे पोथी उभी आहे. आणि पोथी काय झाकते? शनिमाहात्म्यात विक्रम राजावर चोरीचा आळ येतो आणि त्याचे हातपाय तोडले जातात. हे घराघरांत शनिवारी मोठ्याने वाचलं जातं, पोरांच्या देखत. पोथीने सगळं सांगून ठेवलंय म्हणून शिळेला गप्प राहून चालतं. सिनेमाच्या पोस्टरला अशी पोथी कुठून मिळणार? शुक्रवारी येणाऱ्या सिनेमाचं नाव बुधवारी भिंतीवर लागतं. त्याच्यामागे पिढ्या नसतात, दोन दिवस असतात.

उसाचंही तसंच. विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ २०१७ मध्ये आला. पूजा सावंतने केलेली गरोदर नेहा आणि चहूबाजूंनी माजलेल्या उसातलं एकाकी घर. स्त्रीभ्रूणहत्येवरचा हा सिनेमा. त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला. मराठीत अलीकडे जे थोडे भयपट जागेच्या जिवावर उभे राहिले त्यांत ‘लपाछपी’ला मी वर ठेवतो. ऊस ही भीतीची जागा आहे हे त्याने ओळखलं. पण ऊस भीतीची जागा आहे ती कुणाला? आमच्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हापासून प्रवरा-मुळेच्या पाण्यावर उसाचा पट्टा वाढत गेला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा. डोक्याच्या वर गेला की आतलं काही दिसत नाही, आणि त्यात बिबट्या पिल्लं घालतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला : शेतीच्या, माणसांनी गजबजलेल्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे. ऊसतोड लागली की पाचटात बछडी सापडल्याची बातमी दर हंगामात येते. रात्री वीज आली म्हणून मोटार चालू करायला जाणारा शेतकरी बांधावर एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन मोठ्याने बोलत चालतो, एकटा असला तरी बोलतो.

या माणसाला पोस्टरवर नुसता रात्रीचा ऊस दाखवा, बाकी काही नको. त्याला पुरतं. आत काय असू शकतं ते त्याने पाहिलेलं आहे. तेच पोस्टर दादरला लावा. मुंबईच्या पोराला ऊस म्हणजे रसवंती. त्याला त्या काळोख्या पानांत भीती वाटावी असं काही तुम्ही दिलेलं नाही. मग तो पुढे जातो आणि तुम्ही म्हणता प्रेक्षकाला अभिरुची नाही.

राही अनिल बर्वेच्या ‘तुंबाड’चं उदाहरण याच मुद्द्याचं. २०१८ मध्ये त्यातल्या हस्तरचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सिनेमा थेटरात बेताचा चालला. पुढच्या सहा वर्षांत लोकांनी तो घरी बसून पाहिला, एकमेकांना सांगितला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. दुसऱ्या वेळी हस्तरचं नाव पुरत होतं. पहिल्या वेळी पुरत नव्हतं.

आता त्या अडाणी पेंटरकडे येऊ. त्याला मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झालाय.

भिंतीवरचं पोस्टर हातात घेऊन बघायचं नसतं. ते एसटीच्या खिडकीतून, सायकलवरून, तीस-चाळीस फुटांवरून, मधे बैलगाडी आणि माणसं असताना दिसतं. शीटला शीट जोडून खळीने चिकटवलेल्या त्या चित्रात चेहरा पुरुषभर उंच व्हायचा. पेंटरने मूळ चित्रातच त्याचा हिशोब केलेला असायचा. उजेड खालून; हनुवटी, नाकपुड्या आणि भुवयांच्या खालचा भाग उजळ, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. उजेड एरवी वरून येतो, सूर्याचा असो की टांगलेल्या कंदिलाचा, म्हणून खालून उजळलेला चेहरा बघताक्षणी चुकीचा वाटतो, का ते कळायच्या आधी. अर्धा गाल निळा, अर्धा लाल, आणि रंग नाइफने थापलेला, गुळगुळीत न करता. कातडी हिरवट, कारण जिवंत माणूस हिरवा नसतो. बुबुळाच्या चारी बाजूंनी पांढरं दिसेल एवढे डोळे फाकलेले आणि ते थेट आपल्यावर. रस्त्याच्या या कडेला जा की त्या, तुमच्याकडेच बघतात. तळाला बोटाएवढी हवेली, नखाएवढी बॅटरी घेतलेला हिरो. पुन्हा तेच, माप.

अक्षरांकडे कुणी बघतच नाही. देवनागरीची शिरोरेषा म्हणजे आडवा वासा, सगळी अक्षरं त्याला लटकलेली. पेंटर तो वासाच वितळवायचा. ओघळ तिथून सुटून काना-मात्रांवरून खाली यायचे, आणि नाव वाचता वाचता नजर आपोआप खालच्या चेहऱ्यावर उतरायची. आजच्या संगणकावरच्या तडा गेलेल्या अक्षरांत तडा कुठूनही कसाही जातो. नजरेला तो कुठेही नेत नाही.

जत्रेत तर आणखी एक अडचण. तिथे पोस्टर रात्री बघायचं, जनरेटरवरच्या पिवळ्या बल्बखाली. पिवळ्या उजेडात निळा मरतो, लाल आणि नारिंगी पेटतात. शिवाय शेजारी दुसरा तंबू, पलीकडे तमाशाचा फड, मौत का कुआँ, पाळणे, आणि भोंग्यावर सगळेच ओरडतायत. एका तिकिटाचे पैसे खिशात असलेला माणूस कुठे वळायचं ते उभ्या उभ्या ठरवणार. त्याला सूचकता दाखवून बघा. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधला सामरी आठवतो ना? अनिरुद्ध अगरवाल, रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर, साडेसहा फुटांच्या घरातली उंची आणि तो चेहरा. आमच्या तालुक्याच्या जत्रेत त्या पोस्टरखालून जाताना बायका पोरांचे डोळे पदराने झाकायच्या. पोरं पदराच्या फटीतून बघायची. झाकायचं काम तेव्हा प्रेक्षकाकडे होतं, पेंटरकडे नव्हतं.

रामसेंची सगळीच पोस्टरं चांगली होती असं मी म्हणणार नाही. बरीचशी एकमेकांची उष्टी होती. बाथरूममधली नायिका कारण नसताना कोपऱ्यात असायची. पण त्यांचं वाईट पोस्टरसुद्धा रस्त्यापलीकडून वाईट आहे हे कळायचं. आजचं पोस्टर चांगलं की वाईट हे कळायला आधी ते दिसायला हवं. एप्रिलच्या उन्हात नगरच्या एसटी स्टँडवर मोबाइल उघडून यातलं एखादं काळं पोस्टर बघा. काचेत स्वतःचं तोंड तेवढं दिसतं. (काहींना तेवढं पुरेसं असतं, ते सोडा.) भिंत जाऊन पोस्टर अंगठ्याएवढं झालं तेव्हा खरं तर माप, डोळे, उजेड यांचा विचार दुप्पट व्हायला हवा होता. कॅस्टेलचा शार्क अंगठ्याएवढा करून बघा, अजून ओळखू येतो, अजून चावतो. आपण मात्र कागद लहान झाला तसा अंधार वाढवला.

एक दुसरा आक्षेप अधूनमधून येतो, तो वेगळ्या गोटातून : असली चित्रं अंधश्रद्धा पसरवतात, ती लावूच नयेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जो कायदा झाला त्याच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. पण तो कायदा भूत उतरवतो म्हणून मारहाण करणाऱ्या आणि लुबाडणाऱ्या भोंदूंविरुद्ध आहे, भुताची गोष्ट सांगणाऱ्याविरुद्ध नाही. पोस्टरच्या तळाला निर्मात्याचं, दिग्दर्शकाचं, नटांचं नाव असतं. कोपऱ्यात सेन्सॉरचा ए असतो. भूत कुणी बनवलं ते तिथेच लिहिलेलं असतं. भगत असा पत्ता देत नाही.

म्हणून भयपटाची पोस्टरं करणाऱ्या नव्या पोरापोरींना, आणि त्यांना शिकवणाऱ्यांनाही, एक विनंती. संगणकावर पोस्टर झालं की ते मोठं छापून घ्या आणि माळीवाड्याच्या एसटी स्टँडसमोर भर दुपारी एक दिवस टांगा. स्वतः रस्त्यापलीकडे उभे राहा. गाडीतली एक तरी मान वळते का, एखादं पोर आईचा हात घट्ट धरतं का, ते बघा. कुणीच बघितलं नाही तर त्याला संयम म्हणू नका. चित्र काढायचं राहून गेलंय, ते काढायला घ्या. तुमच्या भुताला तोंड द्या, तोंडाला माप द्या, डोळ्यांना रोख द्या. तुम्ही दाखवा. डोळे मिटायचे की नाही, ते आमचं आम्ही बघू.